परात वाजेपर्यंत

१० नोव्हेंबर, रविवार

रेणू आली नागपूरहून. कपडे कमी, वायरी जास्त! चपला काढायच्या आधीच म्हणते, "आई, अल्बम पक्का झाला." आठ गाणी. देवाचीच, पण ओरडून म्हणायची. बँडचं नाव 'वाळलेली हाडं'.

चर्चमध्ये भैयाजींना सांगितलं. चर्चची गाणी तेच बसवतात. म्हणाले, "देवाच्या गाण्याले हाडं कायले?" मी म्हटलं, शास्त्रातच आहेत की. खोऱ्यातल्या सुक्या हाडांवर मांस चढतं, ती उभी राहतात. वाचा ना. 

आठवं गाणं यांचं आहे. रेणूच्या बाबांचं. ते यांच्याच गिटारवर वाजवायचं म्हणते. मी भात वाढला.

११ नोव्हेंबर

रेणूच्या फोनवर वाचत बसले. या संगीताला न्यू मेटल म्हणतात. पंचवीस वर्षांपूर्वी जोरात होतं, मग लोक त्याला हसायला लागले, आता पोरं पुन्हा उकरून काढत आहेत. मधे भराभर बोलणं, मधे तबकडी घासणं, मग किंचाळणं. 'गिटारच्या तारा खूप खाली उतरवतात' असं लिहिलं होतं. खाली म्हणजे काय ते कळलं नाही. पुढे गेले. शाळा चौथीपर्यंतच — पुढचं सगळं वाचून वाचून शिकले. न कळलेलं सोडून पुढे जायची सवय तिथलीच.

लोकांनी सोडलं असेल. आमच्या फुलचूरच्या घरात ते कधी बंद झालंच नाही. लग्नाआधी हे चर्चच्या तरुण संघात वाजवायचे. तेव्हाच्या पास्टरांनी थांबवलं. मग घरी. राइस मिलमधून आले की केसांतला भाताचा कोंडा धुवायचा, चहा घ्यायचा आणि गिटारची वायर त्या काळ्या स्पीकरच्या डब्यात खुपसायची. जाड तारेवर एक हात मारला की मांडणीवरची भांडी थरथरायची. मी चुलीजवळून ओरडायची — "भांडे!" एवढंच. ते हसायचे. "भांडे नाही वो, बेस आहे."

रोज भांडायचो असं नाही. रोज तेवढा एक शब्द.

हे गेले तेव्हाच यांचे शर्ट मी दारावर येणाऱ्या भांडेवालीला देऊन टाकले, एक ठेवून. गिटार नाही देता आली. कपाटावर आहे, माझ्या जुन्या शालीत गुंडाळून.

१३ नोव्हेंबर

रेणू बाकीच्या गाण्यांसाठी नागपूरला गेली. रविवारी येईल, गुरुवारी तिकडे यांचं गाणं रेकॉर्ड होणार आहे. जाताना दारात तिला म्हटलं, "आलीस की ने. बाबाची गिटार ने." लेकीनं एकदम मिठी मारली, वायरींसकट.

१४ नोव्हेंबर

गिटार उतरवली. मीच. शाल सोडली तर आतून मिलचा वास! की मलाच आला.

हातात घेतली तर तारा ढिल्या. सर्वांत जाड तार तर वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबत होती. पडून पडून सैल झाली असेल. अशी द्यायची पोरीला? पुसून, शालीत बांधून ऑटोनं भैयाजींकडे नेली.

"इंदरची गिटार! हालत काय करून ठेवली वो वैनी?" खुंट्या पिळत बसले. मग छेडून दाखवली. गोड वाजली, रविवारच्या गाण्यासारखी. मला बरं वाटलं. घेऊन आले, पुन्हा पुसली.

१७ नोव्हेंबर, रविवार

काय करून बसले मी!

रेणूनं गिटार काळ्या डब्याला जोडली, एकदा हात मारला आणि थांबली. "आई, याले कोणी हात लावला?"

सांगितलं. तिचं तोंडच उतरलं. "तारा सैल नव्हत्या वो! बाबानं तशा लावल्या होत्या. खाली उतरवणं म्हणजे तेच!"

मग म्हटलं, पुन्हा सैल कर, त्यात काय? तर तसं नाही. किती सैल ते फक्त यांना ठाऊक. मशीन लावून सूर जुळवतात तसं हे कधी करत नव्हते, कानानंच लावायचे. गाण्याची बोटं रेणूला लहानपणी शिकवली होती, पण गिटार तिला नेहमी लावलेलीच मिळायची. जाड तारेचा सूर सापडला तर बाकीच्या तारा तिच्यावरून लावता येतात. तोच गेला.

"मले एक फोन काऊन नाही केला तू?"

 मला वाटलं मी स्वच्छ करून देते आहे.

रडली. यांना मातीत ठेवलं त्या दिवसानंतर तिला रडताना पाहिलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर

दिवसभर खुंट्या फिरवणं चालू. "असा होता का, आई? का असा?" मला सगळे सारखेच वाटतात.

संघदीपचा फोन आला. तबकडी घासणारा तो. विहाराजवळ राहतो, बँडात एकटाच बौद्ध. पास्टरांनी विचारलं होतं, तू यांच्यात काऊन? तर म्हणे, "मी घासून राहिलो साहेब, प्रार्थना रेणू करते." आज तो तिला समजावत होता — "अंदाजानं लाव ना वो, कोणाले समजते?"

"मले समजते," रेणू म्हणाली आणि फोन ठेवला.

भैयाजीही येऊन गेले. उंबऱ्यातच उभे. "मी तं चांगलंच केलं ना वैनी?" मी म्हटलं, हो. आपण दोघांनी चांगलंच केलं. चहा न घेता गेले.

१९ नोव्हेंबर

सकाळी कणीक मळायला परात काढायला गेले. खिळ्यावर टांगलेली असते, मांडणीच्या बाजूला. हात लावला आणि तशीच उभी राहिले.

मी कशाला ओरडायची? मांडणीवरचे डबे रोजच वाजायचे, त्याचं काही नाही. परात भिंतीवर नाचायला लागली की मी ओरडायची!

रेणूला हाक मारली. म्हटलं, काळा डबा तिकडेच ठेव, बाबा ठेवायचे तिथं. आता तार सोड. परात वाजेपर्यंत सोड.

ती बघतच राहिली. पण केलं. थोडी सोडली, वाजवली. चमचे किणकिणले. आणखी सोडली. पिठाच्या डब्याचं झाकण. आणखी. काही नाही. आणखी एक पीळ — आणि परात सबंध अंगानं थरथरली, भिंतीला घासत, घूँऽऽ करत.

"भांडे!" मी ओरडले.

ठरवून नाही. तोंडातून गेलं.

 परात हळूहळू थांबली.

"हाच का, आई?"

"हाच," मी म्हटलं. शंका आलीच नाही.

२० नोव्हेंबर

गिटार गेली. कपाटावर धुळीत तिचा आकार आहे. पुसला नाही.

१५ डिसेंबर, रविवार

अल्बम आला. रेणूनं फोनवर पाठवला. आराधनेनंतर पास्टरांनी अंगणात दोन गाणी ऐकली. "शब्द चांगले आहेत," म्हणाले, "ऐकू आले तर!" सगळे हसले, मीही. भैयाजींनी मात्र आठवं गाणं पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. 

घरी येऊन मी एकटीनं ऐकलं. आधी जाड तार. पोटात कळते, कानात नंतर. मग रेणू देवाशी बोलते, भराभर, तक्रार केल्यासारखी. आणि शेवटी ओरडते. शब्द नाहीत, नुसता आवाज, श्वास संपेपर्यंत.

मी ओरडले नव्हते. दफनाच्या दिवशी बाया म्हणत होत्या, किती विश्वासाची बाई! आमच्याकडे दुःख संथ चालीत गातात. मीही गायले, सगळी कडवी. विश्वास होता, खोटं नाही. पण घशात हेही होतं, ते तिथंच राहिलं होतं. इतकी वर्षं मी याला गोंगाट म्हणत आले. यांनाही बहुतेक देवाला काही विचारायचं असायचं, आणि मी मधेच भांड्यांचं काढायची.

पुन्हा लावलं. मान हलायला लागली. माझी!

४ जानेवारी

भांडेवाली आली होती. आत डोकावून म्हणते, "दीदी, वो परात अच्छी चल रही ना? साहब के कपड़ों पे दी थी."

वर बघितलं. तीच. जुनी परात वाकलेली होती. ती आणि शर्ट, दोन्ही मीच दिले होते तिला, आणि त्याच खिळ्यावर ही टांगली. त्या महिन्यातलं मला काही आठवत नाही.

म्हणजे यांच्यावेळी ही परात घरात नव्हतीच. तो सूर यांचा नाही. यांच्या शर्टांचा आहे.

आणि तिकडे नागपुरात पोरं त्याच्यावर डोकी आपटून राहिली!

हसू आलं. थांबेना. भांडेवाली घाबरून म्हणाली, "क्या हुआ दीदी?" हे गेल्यापासून या घरात मी एवढ्या मोठ्यानं हसले नव्हते — परातसुद्धा वाजली असेल.