आत्याची काळी चार

शनिवार पेठ, पुणे
रविवार सकाळ

प्रिय सलिल यास,

सप्रेम नमस्कार. (आशीर्वाद लिहिणार होतो, पण तू माझ्याहून चारच महिन्यांनी धाकटा आणि सात वर्षं आपलं बोलणं नाही, आगाऊपणा झाला असता.) तुझी कंबर कशी आहे? वहिनी तुला अजून सहन करतात का? आपला, म्हणजे आता तुमचा, 'खडखडाट' बँड जोरात असल्याचं पोस्टरांवरून कळतं. नवा गायक चांगला आहे. आपलं पहिलं गाणं गाजलं तेव्हा तो बालवाडीत होता, हे त्याच्या तोंडून सारखं ऐकायला लागत असेल, तेवढं सोसा.

माझं उत्तम चाललंय. मंडईत अजून कोणीतरी ओळखतं. "तुम्ही खडखडाटमधले आमोद ना? हल्ली काय करता?" मी म्हणतो, "कोथिंबीर घेतो." मागे हिंजवडीच्या एका कंपनीनं मला संघभावनेवर भाषण द्यायला बोलावलं. भर कार्यक्रमात, दुसऱ्या कडव्यानंतर बँड सोडून गेलेल्या माणसाला! सुदैवानं वाटेत दोन तास अडकलो. पोचेपर्यंत संघ पांगला होता. कॉफीचा मग तेवढा मिळाला.

बाकी दर गुरुवारी ज्येष्ठ नागरिकांचा कराओके क्लब चालवतो. हसू नकोस. सत्तरीपुढचे बावीस गायक आणि लॅपटॉपवर ट्रॅक लावणारा मी. पोपटराव (निवृत्त पोस्टमास्तर) दुसरं कडवं पहिल्याच्या आधी गातात आणि ट्रॅक चुकल्यासारखे माझ्याकडे बघतात. या सगळ्यांची महाराणी आपली शैलाआत्या. तीच, जिच्या माडीवर आपण तालमी केल्या आणि जिनं तुझं पहिलं बोट पेटीवर ठेवलं. आता अठ्ठ्याहत्तरची आहे. माइक हातात आला की आधी जाहीर करते, "माझी पट्टी काळी चार. विसाव्या वर्षी होती तीच."

ती नाहीये रे. दोन वर्षांपूर्वी वरच्या सुराला आवाज फाटला. तिनं खाली बघून पदर सारखा केला, गाणं अर्धंच सोडलं आणि पुढचे दोन गुरुवार आलीच नाही. तिसऱ्या गुरुवारी मी तिला रिक्षात घालून आणलं आणि न सांगता ट्रॅक अर्ध्या सुरानं खाली घेतला. मग काही महिन्यांनी पुन्हा अर्ध्यानं. मग पुन्हा. आज ती पांढरी चारमध्ये गाते, दीड सुरानं खाली, आणि पोपटरावांना ऐकवते, "रियाज लागतो, अहो! चहा पिऊन गाणं येत नाही."

मी बँड सोडला त्या दिवशी तुझ्या कीबोर्डच्या चिमुकल्या पडद्यावर मला 'उणे दोन' दिसलं, म्हणजे पट्टी एका सुरानं खाली. गिटारवाल्यांच्या तारासुद्धा आधीच सैल होत्या. तुम्ही सगळे वर्षभर माझ्यासाठी गाणी खाली उतरवून वाजवत होता, हे मला दहा हजार माणसांसमोर कळलं. मी त्याला दगाबाजी म्हटलं. (आणखीही काही म्हटलं. ते माइकवर गेलं.) आता दर गुरुवारी मी तेच बटण दाबतो. दाबताना तुझी आठवण येते. चांगली येते.

वहिनींना नमस्कार. कंबर शेकत जा.

तुझा (सात वर्षांनी लिहितोय, तरी तुझाच),
आमोद

ता. क. : पुढच्या महिन्यात क्लबचं वार्षिक संमेलन आहे. आत्यानं सांगून टाकलंय, "डब्यातल्या वाद्यांवर गाणार नाही. समोर वाजवणारा माणूस हवा." पेटीवाला आणला तर ती शेजारी बसून त्याची बोटं बघणार. पांढरी चार दिसली की उठून जाईल, आणि या वेळी रिक्षात बसणार नाही. तुझ्या कीबोर्डला ते बटण आहे. बोटं काळी चारवर, आवाज पांढरी चारचा. चेहरा सरळ ठेवून हे करणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. ये.

आणखी एक ता. क. : शेवटचं गाणं मी म्हणावं असा क्लबचा आग्रह आहे. आपलंच, जुनं. पट्टी तू ठरव. पडद्यावर रुमाल टाकून ठेव.