वापर: खासगी

दि. ४ फेब्रुवारी
चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.
गाडीचा विमा महिनाअखेर संपतोय. तीन कंपन्यांकडे विचारलं. तिघांच्या आकड्यांनी तोंडचं पाणी पळालं. डायलिसिसच्या पेशंटांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेते-आणते, त्यावरच माझं घर चालतं, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा स्वस्त बघ, पण मागच्या सीटवर बसणाऱ्यांना काही झालं तर तेही त्यात बसलं पाहिजे. त्या पेशंटांतल्या मास्तरीणबाई सत्तरीच्या आहेत, हाडं अगदी खडूसारखी. जगाचे विमे उतरवतोस, बहिणीचंही एक काम कर. उत्तराला उशीर केलास तर कान धरायला स्वतः येईन.
तुझी ताई

दि. ११ फेब्रुवारी
ती. ताईस,
शि. सा. न.
काम फत्ते. निम्म्या हप्त्यात बसवलं. अर्जात वापर खासगी असं लिहिलंय. भाड्याचा लिहिला की कंपनी दुप्पट मागते. बघायला कोणी येत नाही. मास्तरीणबाई कोण म्हणून विचारलंच, तर मावशी म्हणून सांग. मागच्या सीटचं सगळं बसतं, निर्धास्त राहा. फुल्या केलेल्या जागी सह्या करून अर्ज परत पाठव. तू आधी माझी बहीण, मग ग्राहक. लोभ असू दे, कान सोड.
तुझं शेंडेफळ

दि. २० जून
चि. शेंडेफळास,
अ. आ.
दवाखान्याच्या वळणावर कुत्रं आडवं आलं, मी चाक फिरवलं आणि गाडी दुभाजकावर चढली. मला खरचटलंसुद्धा नाही. मास्तरीणबाईंचं उजवं मनगट मोडलं. कंपनीचा माणूस चौकशीला आला, तेव्हा त्यांनी दर खेपेला मला किती देतात ते सरळ सांगून टाकलं. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या बाईला मावशी व्हा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. काल पत्र आलं: दावा नामंजूर. गाडीचे पैसे नाहीत, त्यांच्या हाताचेही नाहीत. सगळं बसतं म्हणाला होतास. आता काय करू, ते लिही.
ताई

दि. ३० जून
ती. ताईस,
शि. सा. न.
कंपनीने माझ्याकडे खुलासा मागितलाय. परवाना गेला तर मुलांना घेऊन मी कुठे जाऊ? वापर खासगी आहे असं तूच मला सांगितलंस, एवढं लिहून दे. तुझा दावा तर गेलाच आहे, निदान माझं तरी वाचू दे. फेब्रुवारीतलं माझं पत्र फाडून टाक. मी फार टेन्शनमध्ये आहे गं.
तुझाच

दि. ७ जुलै
विमा प्रतिनिधी यांस,
स. न. वि. वि.
आपल्या मागणीप्रमाणे सही करून कागद सोबत जोडला आहे.
आता तुझ्याशी. फेब्रुवारीतलं पत्रही पाठवते आहे, ते तूच फाड. गॅरेजवाला म्हणत होता, हे कंपनीला दाखवा. तुझ्या मुलांकडे बघून नाही दाखवलं. सह्या मीही केल्या होत्या. स्वस्त पडतंय म्हणून डोळेझाक केली, ते पाप माझं. पण तुझ्या सबंध पत्रात मास्तरीणबाईंच्या हाताबद्दल एक ओळ नाही, याची मला भयंकर चीड आली आहे.
गाडी भंगारात दिली, त्यातून त्यांच्या हाताचं बिल भागवलं. पेशंट आता दुसऱ्या कुणाच्या गाडीने जातात. बाई डाव्या हाताने सही गिरवताहेत.
पुढच्या फेब्रुवारीत हप्त्याची आठवण करून देऊ नकोस.
तुझी ग्राहक