सात नव्हे, दोन

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. मोडलेल्या धनुष्याला सात हात दिले होते, असं लिहिलं. सात नव्हे, दोन. आणि ते दोनही तेलाचे नव्हते, डब्यातल्या चकचकीत रोगणाचे होते. तू म्हणशील, तुझी मोजपट्टीच मोजायला चुकली म्हणजे आता जगबुडी जवळ आली. पण ही मोजण्यातली चूक नव्हती. लिहिताना मला खरा आकडा ठाऊक होता.

आपल्या घरात मुळाक्षरांच्या आधी हात शिकवले. आठवतं ना, कोमट जवसाचं तेल, तळव्याने चोळायचं, लाकूड ऊबदार लागेपर्यंत. मग दोन दिवस वाळवण, मग घासणं. हा झाला एक हात. असे सात. पाचव्याला मी कंटाळून बसकण मारली की बाबा म्हणायचे, "लाकूड वाकणार, तर त्याची कातडीही वाकायला हवी. जाड थर कपाटाला द्यावा, धनुष्याला नाही." मी तेव्हा सात वर्षांची होते आणि मला वाटायचं, हात वयाप्रमाणे देतात, पुढच्या वाढदिवसाला आठवा मिळेल. ते तू अख्ख्या गल्लीला सांगत फिरलास.

तेच बाबा आता रोगणाचा डबा काडीने ढवळतात आणि तीच काडी कानात घालतात. ब्रश कुणी धूत नाही. त्याचे गळालेले केस धनुष्याला चिकटतात, ते नखाने उचलायचे आणि नख पँटला पुसायचं. धूळ पुसायला फडक्यावर थुंकतात. गिऱ्हाईक आलं की तेच धनुष्य खिडकीपाशी धरून सांगतात, "बघा, तोंड दिसतं." आणि गिऱ्हाईक खरोखर तोंड बघतं, दात बघतं, खूश होतं. धनुष्याला बांधायच्या चिठ्ठीवर अजून छापलेलं आहेच, 'सात हातांचं धनुष्य'. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ब्रश सात वेळा फिरला की झाले सात." मला त्या चकाकीची शिसारी बसली आहे. वास केसांत, उशीत, पाण्याच्या तांब्यात. परवा जेवताना माझ्या तळव्यावरून वाळलेल्या रोगणाचं साल सुटलं आणि ताटात पडलं. आईने ते चिमटीत धरून बाजूला ठेवलं. मी ताटावरून उठले.

आता त्या मुलांच्या तिरंदाजी क्लबच्या बारा धनुष्यांबद्दल. तू बाराही तासलीस. त्यातल्या तीन धनुष्यांना केसाएवढी चीर होती, मुठीच्या वर चार बोटांवर, कारण घाई म्हणून बाबांनी ते लाकूड शेगडीपाशी वाळवलं होतं. तू त्या तिन्हींवर खडूने फुली मारलीस आणि लाकूड आणायला गेलास. परत आल्यावर बाबांनी सांगितलं, "फुलीची जाळली, त्यांच्याऐवजी नवी तीन मी तासली." दादा, ती जाळली नव्हती. बाबांनी खडू ओल्या फडक्याने पुसला आणि तिन्ही माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "तुझा हात हलका आहे." मी चिरांत सरस आणि भुसा भरला, बोटाने दाबला, वरून रोगण दिलं. एकावर माशी बसली आणि अडकली. बाबांनी ती उपटली, एक पाय मागे राहिला. मी म्हटलं, पुसून पुन्हा देते. ते म्हणाले, "राहू दे, कोण बघतंय." मी त्या पायावर दुसरा हात दिला. ब्रश कुठे थांबला नाही.

मग क्लबमध्ये एक धनुष्य ताणताना मोडलं आणि ते ताणणाऱ्या मुलीच्या भुवईवर चार टाके पडले. बाबांनी दोन्ही हात वर केले. क्लब चालवणाऱ्या बाईंना सांगितलं, माझ्या मुलाने धनुष्याची भुजा पातळ तासली, रोगणात खोट नाही. मग माझ्याकडे वळून, तुझ्या देखत, "सात दिलेस ना गं?" मी हो म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस, पिशवी उचललीस आणि घर सोडलंस. त्यानंतर मी रोज स्वतःला समजावत होते की मोडलेलं कदाचित तुझ्या चांगल्या नऊ धनुष्यांपैकीच असेल. कोणतं मोडलं ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची मला घाई नव्हती. ही त्यातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे, म्हणून लिहून ठेवते.

शुक्रवारी क्लबने ते दोन तुकडे परत पाठवले. बाबा म्हणाले, शेगडीत टाक. मी आधी खिडकीपाशी नेले. मोडल्या जागेपासून बोटभर अंतरावर, चकाकीच्या आत, माशीचा पाय होता. भाजीत मीठ कमी पडलं तरी तू म्हणायचास, "इथे माशी शिंकली बघ." मला हसू आलं आणि लगेच मी मोरीत ओकले. तुकडे जाळले नाहीत. माझ्या ट्रंकेत आहेत, जुन्या ओढणीत गुंडाळून.

तू मला धीर द्यायला पत्र लिहिलंस, ते काल मिळालं. लिहितोस की चूक तुझीच असेल, बाबांची माफी मागायला येशील. आणि खाली, सहज लिहिल्यासारखं, की तिथे तू आता खुर्च्यांचे पायच करतोस, धनुष्याला रंधा लावत नाहीस, कारण हातावर भरवसा राहिला नाही. ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही, तू हसशील. दादा, माफी मागू नकोस. तुझी भुजा पातळ नव्हती. मी आज तुकड्यावर पट्टी लावून मोजली, हवी तेवढीच भरली. चिरेची दुसरी दोन धनुष्यं अजून क्लबच्या कपाटात आहेत. परीक्षांमुळे क्लब बंद आहे, तोवर कुणी ती ताणणार नाही. उघडेल त्या दिवशी मी दारात उभी असेन. दोन्ही तुकडे, फुटकी काच आणि फडकं बरोबर नेईन. बाईंच्या समोर उरलेल्या अकराही धनुष्यांवरचं रोगण काचेने मुठीच्या वर चार बोटांवर खरवडीन, चिरा दाखवीन आणि हात किती, कोणी, कशावर दिले ते सांगेन. बाबांना आदल्या संध्याकाळी सांगणार आहे, त्यांच्या पाठीमागे नाही. हे पत्र तुला सोमवारी पोचेल. मी जाणार बुधवारी, सतरा तारखेला, सकाळी आठ वाजता.

तुझीच,
मोजपट्टी