ताईच्या खिरीची सरकी

बुधवार, डिसेंबर १९७८. समुद्रपूर. नुकतेच दिवे लागले.

ताई बाळंतपणाला घरी आली आहे. तिला दूध कमी येतं, म्हणून भाचा मूठ चोखत रडत राहतो, झोपत नाही. परवा मायनं मला हिंगणघाटच्या कापसाच्या जिनातून सरकी आणायला पाठवलं. परतताना दोरीवर चालणाऱ्या पोरीचा खेळ पाहत उभा राहिलो अन् एक एसटी हुकली. ते जाऊ दे.

घरी आलो अन् अर्धी सरकी सरळ म्हशीच्या टोपल्यात ओतली. सरकी म्हशीची नाही तर कोणाची?

माय धावत आली. "काऊन रे, म्हशीले काऊन टाकली? ते तं ताईच्या खिरीची होती."

खाटेवरून ताई म्हणाली, "आता तुह्या भाच्यालेही त्या म्हशीजवळच नेऊन देजो." हसली, पण डोळे भरलेले. भाचा पुन्हा मूठ चोखत होता. दूध यावं म्हणून बाळंतिणीही सरकी खातात हे मला कसं माहीत असणार?

उरलेली मायनं भिजवली, मी पाट्यावर वाटली. फडक्यातून पिळून निघालेल्या पांढऱ्या रसाची गूळ घालून खीर केली. कालपासून ताई तीच खाते आहे.

आज भाचा पोटभर प्याला. खिरीनं, की ताईचा जीव थाऱ्यावर आला म्हणून? कोण जाणे. आता दोघंही गाढ झोपलेत. उद्या पवनारला फिरायला जायचं ठरवलं होतं, पण ओसरीवर भुंकणारी कुत्री हाकलायला कोणीतरी पाहिजे.