टाकून दिलेले एक्के

रविवार संध्याकाळ, वोल्फ्सबुर्ग

समोर एकच खेळाडू असला की हलक्या पानांवरही खेळायचं, सारखं घाबरून पानं टाकून डाव सोडायचा नाही. ऑनलाइन पोकरमधलं एवढं मला आता कळतं. पैसे नाहीत, नुसत्या खोट्या चिप्स. तरी मी मुद्दाम वेळ काढत बसतो. उशीर झाला की समोरचा जर्मन लिहितो, "नोख दा?" म्हणजे, आहेस ना अजून? या गावात आज माझ्याशी कुणी बोललेलं एवढंच.

मघाशी आईचा फोन. "काय करतोयस रे?"

"मित्राबरोबर पत्ते खेळतोय."

खोटं बोललो का?

मग त्याच्या चिप्स संपत आल्या आणि मला दोन एक्के आले. जिंकलो असतो तर तो उठून गेला असता. एक्के टाकून दिले. पुढच्या डावाला मुद्दाम उशीर केला.

"नोख दा?"

आहे रे, आहे.