दवाखान्यामागचा कोपरा

८ जानेवारी २००७

विकला आमचा दवाखाना! मानिक चौकातली सगळी इमारत ट्रस्टनं जयसिंग बिल्डरला दिली. खाली दुकानं, वर ऑफिसं. पुढच्या कमानी तेवढ्या ठेवणार — झाशीत येणाऱ्या लोकांना जुनं बघायला आवडतं म्हणे. आज चौकातच भेटला, वाकून पाया पडला. "सिस्टरजी, आपके ही हाथों पैदा हुआ हूँ. उद्घाटन भी आप ही करेंगी." पोरगा वाईट नाही.

मागच्या अंगणाचं काय, विचारलं. "खोदेंगे. नीचे पार्किंग."

घरी येऊन जेवण गेलं नाही.

११ जानेवारी

इथं तरी लिहिते. मूल मेलेलंच जन्माला आलं तर जाळत नाहीत, पुरतात. घरची माणसं रडणाऱ्या बाईला घेऊन निघून जायची, मूल आमच्या हवाली. मग आम्ही कुंभाराकडून मडकं आणायचो. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून, मीठ घालून, तोंड बंद करून मागच्या भिंतीशी निंबाखाली. कागदावर कुठं काही नाही. मला मात्र त्या मुलांच्या आया आठवतात.

माझी लेकही तिथंच आहे. सातव्या महिन्यातली. त्या दिवशी होळी, कुंभार बंद. ह्यांनी घरातली लोणच्याची मोठी बरणी आणली, चिनी मातीची, वरून तपकिरी. सासूबाईंनी त्या वर्षी घरात लोणचं घातलं नाही.

१२ जानेवारी

हे म्हणतात, "सोड आता. काय राहिलं असेल तिथं? माती."

स्वतः मात्र दर होळीला त्या निंबाला पाणी घालून येतात.

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन जयसिंगच्या सदर बाजारच्या ऑफिसात गेले. सांगितलं सगळं — तो कोपरा मुलांचा आहे, तेवढा सोड. त्यानं उठून दार लावलं. "किसी से कहिएगा मत, सिस्टरजी. श्मशान पर दुकान कौन लेगा?" मग म्हणाला, "देखता हूँ."

एक वाक्य बोलले असते तर जागीच थांबला असता. जयसिंग जुळ्यातला. आधी बहीण आली, ती गेलेलीच. तीही त्याच कोपऱ्यात आहे. पण त्याच्या आईनं, राधाबाईनं, तेव्हाच माझ्याकडून शपथ घेतली. उरलेल्याला कळलं की तोही मागोमाग जातो, असं ती मानते. मी मानत नाही. तरी तोंड उघडलं नाही, आणि आता स्वतःचाच राग येतोय.

१७ जानेवारी

सीपरी बाजारला राधाबाईकडे जाऊन आले. म्हटलं, मला शपथेतून मोकळं कर, नाहीतर तूच सांग त्याला. माझे हात धरून बसली. "जिज्जी, मोड़ा सें कछू ने कइयो." किती समजावलं, पुन्हा पुन्हा तेच — पोराला काही सांगू नको. रागानं उठून आले. ऑटोत बसल्यावर तिची दया आली. आई आहे ती.

१९ जानेवारी

जेसीबी आला. आधी मागचा कोपराच घेतला! पुढचं सगळं काम बाजूला ठेवून. बोभाटा व्हायच्या आत उरकायचं असणार. मी सांगितलं नसतं तर निदान होळीपर्यंत तरी राहिला असता.

२० जानेवारी

लिहवत नाही. लिहिते तरी.

फावड्याला मडकी लागली. झाशीत जमिनीतून मडकं निघालं की लोकांना एकच सुचतं — राणीच्या वेळचा खजिना. सगळा चौक आत लोटला. मजूर, दुकानदार, ओळखीची माणसं! फोडत सुटले. मी ओरडत होते, "बच्चे हैं इनमें, बच्चे हैं!" एकानं मला धरून बाजूला केलं. आत माती निघाली, चिंध्या निघाल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं. बघता बघता अंगण रिकामं झालं. नळावर हात धुवायला रांग लागली होती.

पोलीस आले, विचारपूस करून गेले. निंब आडवा पडलाय.

अंधार पडेपर्यंत खापरांत तपकिरी तुकडा शोधत होते. नाही मिळाला.

२१ जानेवारी

हे सकाळी आडव्या निंबाला पाणी घालून आले. मी गेले नाही.

२३ जानेवारी

सकाळी जयसिंग दारात. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मडक्यांचं कानावर गेल्यावर राधाबाईनं त्याला सगळं सांगून टाकलं. हातात शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. शाल बाजूला केली — माझी बरणी. झाकणासकट. भिंतीच्या पायाशी दबून राहिली होती.

"बस यही एक साबुत बची," म्हणाला. "सिस्टरजी, ये मेरी बहन है ना? वहीं वापस रख दूँगा. वो कोना अब कोई नहीं छुएगा."

हे माझ्या मागे उभे होते. त्यांनीही ओळखली.

"हाँ बेटा," मी म्हटलं. "तुम्हारी बहन है."

हे आत गेले आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आले.