मी कुणासारखा दिसतो, आई?

प्रिय आई,

पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध आहे. त्याआधी टाकाचं काय ते ठरवायचं आहे आणि माझं डोकं चालत नाही. विचारायचं तर तुलाच विचारलं असतं. म्हणून लिहितो आहे.

तुला सगळं माहीतच आहे, पण क्रमानं लिहिल्याशिवाय मला सुचत नाही. मी रांगत होतो तेव्हा थोरली गेली. जिच्या पोटी मी जन्मलो, तिला तू कायम थोरलीच म्हणायचीस. मग अप्पांशी लग्न होऊन मोडनिंबहून तू या घरात आलीस, आणि रीतीप्रमाणे, गेलेल्या माणसाचा पुजायला करतात तसा चेहरा उठवलेला तिचा चांदीचा टाक तुझ्या गळ्यात आला. सवतीचा टाक! रोज अंघोळ झाली की तू तो डोळ्यांना लावायचीस आणि म्हणायचीस, “थोरले, पोराकडं ध्यान ठेव गं.”

आता नवी गोष्ट. मी इंग्रजी बोलायच्या क्लासला जातो. नववीत शाळा सुटली, त्याचं तुला किती वाईट वाटायचं! टॉवेलच्या दुकानात मालक म्हणाले, बाहेरच्या गिऱ्हाइकांशी फोनवर इंग्रजीत बोलता आलं तर बांधाबांधी सोडून फोनवर बस. क्लास झेरॉक्सच्या दुकानावर आहे. तबस्सुम मॅडम शिकवतात.

परवा त्यांनी नवं क्रियापद दिलं. रिझेंबल. म्हणजे कुणासारखं तरी दिसणं. स्पेलिंग मी दोनदा शब्दकोशात पाहिलं. प्रत्येकानं उभं राहून आपण घरात कुणासारखे दिसतो ते एका वाक्यात सांगायचं होतं. एक मुलगी म्हणाली, मी माझ्या आजीसारखी दिसते, पण फक्त रागावल्यावर. सगळे हसले. मग माझी पाळी आली.

वाक्य तयार होतं, आई. ‘मी माझ्या आईसारखा दिसतो.’ पण कोणत्या आईसारखा?

मी विचारलं, “मॅडम, रक्ताचं नातं नसलं तर हे क्रियापद चालतं का?”

मागून कुणीतरी ओरडलं, “हिरोसारखा दिसतो म्हणायचंय बघा ह्याला!”

मॅडम म्हणाल्या, “चालतं की! माझं मांजर डिट्टो माझ्या सासूसारखं दिसतं. त्या दोघींचं काय नातं हाय?”

पुन्हा सगळे हसले. मी खाली बसलो. वाक्य राहूनच गेलं.

लहानपणी मी तुझ्या मांडीवर बसून तो टाक हातात धरायचो, आठवतं? थोरलीचा एकही फोटो घरात नाही. म्हणून मी टाकातच माझं नाक शोधायचो. “हे माझं हाय का?” असं विचारलं की तू म्हणायचीस, “मोठा झालास की कळंल.” मोठा झालो. काही कळलं नाही!

आणि मंडईत? भाजीवाली मावशी म्हणायची, “पोरगं अगदी तुझ्यावर गेलंय की.” तू नुसती हसायचीस आणि कोथिंबिरीची काडी जास्त मागायचीस. खरं का सांगितलं नाहीस? तेव्हा तुला काय वाटायचं? आनंद व्हायचा, की थोरलीची भीती वाटायची? मी कधी विचारलं नाही, आणि तूही मनातलं असं सांगणाऱ्यांतली नव्हतीस.

तू गेल्यापासून थोरलीचा टाक डबीत ठेवला आहे. मागच्या रविवारी आत्या आली आणि म्हणाली, “वरीस झालं की थोरलीचा टाक देव्हाऱ्यात मांडा.”

मी म्हटलं, “आणि आईचा? तिचाही करायचा ना?”

“हिचा कशाला? हिच्या पोटचं कोण हाय पुजायला?”

अप्पा बशीतला चहा फुंकत राहिले. आत्याचं चूक आहे असं ठामपणे म्हणता येईना, आणि बरोबर आहे हे तर मुळीच पटेना. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

काल सराफाकडे गेलो, नुसतं विचारायला. त्यानं भाव सांगितला आणि खण ओढला. आत टाकच टाक, सगळ्यांचे डोळे सारखे, नाकं सारखी!

“बाईचा पायजे का बाप्याचा?” त्यानं विचारलं. “साचे दोनच असत्यात.”

आई, तुला हे माहीत होतं ना? मग मला इतकी वर्षं त्यात नाक का शोधू दिलंस? दुकानातच माझे डोळे भरून आले. राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. सराफाला वाटलं भाव ऐकून रडतोय. तो म्हणाला, “हलका बी मिळंल की!”

तिथून क्लासला गेलो. सुटल्यावर जिन्यात मॅडमनी थांबवलं. “डाव्या कानानं कमी ऐकू येतं का रे तुला?”

“नाही मॅडम. दोन्ही चांगले आहेत.”

“मग कुणी बोललं की मान वळवून उजवा कान पुढं का करतोस? घरात कुणाला तसं हाय का?”

मी जिन्यातच उभा राहिलो. डाव्या कानानं तुला ऐकू येत नव्हतं, आई! आम्ही बोलायला लागलो की तू मान कलती करून उजवा कान आमच्याकडे करायचीस. पण माझे कान तर ठणठणीत आहेत. ही मानेची सवय मी तुझ्याकडून कधी उचलली? भाजीवाली मावशी हेच पाहून म्हणायची का?

घरी येऊन अप्पांना विचारलं. ते म्हणाले, “तू तसा वळलास की मला कवाकवा वाटतं, तीच हाय.” आणि उठून बाहेर गेले.

लगेच आत्याला फोन लावला. म्हटलं, “आत्या, दोन्ही टाक मांडणार. आईचा मी नवा करून आणतो. पूजा मी करीन.”

“आरं, पण तू काय तिचा हाईस का?”

“दिसतो की तिच्यासारखा.”

आत्या भडकली, “व्हय, दिसतोस! हट्टीपणात तर अगदी तिच्यावरच गेलायस. कर तुला काय करायचं ते!” आणि फोन ठेवला. ही परवानगी होती की भांडण, ते मला अजून समजलेलं नाही.

अजून खूप काही समजलेलं नाही. तुझ्यासारखा दिसतो म्हटलं तर थोरलीचं माझ्यात काय उरलं? हे नाक तिचं असेल का? कोण सांगणार? आत्याला विचारायची सोय मी कालच घालवून बसलो.

पण एवढं वचन देतो. वर्षश्राद्धाच्या दिवशी तुम्ही दोघी एकाच तांबड्या कापडावर असाल. हळदकुंकू एक दिवस तिला आधी वाहीन, एक दिवस तुला. आणि माझ्याकडून चुकून सलग दोन दिवस तुलाच आधी वाहिलं गेलं, तर थोरलीला तू समजाव. तुमचं दोघींचं जमतं.

तुझा, आणि तिचाही,
सागर